गाजर, तांब्याची तार आणि पेटीतला इलेक्ट्रॉन

गाजर नारिंगी का दिसते आणि तांब्याच्या तारेतून वीज का वाहते, हे दोन प्रश्न एकाच तासाला विचारले तर तुम्हाला नवल वाटेल. पहिला जीवशास्त्राच्या वहीतला वाटतो, दुसरा भौतिकीच्या. पण दोन्हींच्या मुळाशी इलेक्ट्रॉनच आहे आणि दोन्हींच्या हिशेबाची सुरुवात सारखीच होते. कागद-पेन्सिल घ्या, आपण तो हिशेब करून पाहू.

सतारीची तार दोन टोकांना घट्ट बांधलेली असते. तिच्यावर कोणताही तरंग उठत नाही. टोकांमध्ये एक, दोन, तीन असे पुरे अर्धतरंग बसतील तेवढेच टिकतात. इलेक्ट्रॉनला तरंगाचे गुणधर्म असतात, असे लुई द ब्रॉग्ली यांनी १९२४ साली सुचवले. म्हणजे एखाद्या अरुंद पेटीत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनलाही हाच नियम लागू होणार. त्याला वाटेल ती ऊर्जा घेता येत नाही; ठरावीक पायऱ्यांवरच उभे राहावे लागते. लांबी नॅनोमीटरमध्ये आणि ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजली तर नियम असा होतो : पायरीच्या क्रमांकाचा वर्ग करा, त्याला ०.३७६ ने गुणा आणि पेटीच्या लांबीच्या वर्गाने भागा. दुसरा नियम पाउली यांचा, १९२५ सालचा : एका पायरीवर जास्तीत जास्त दोनच इलेक्ट्रॉन.

आता गाजराकडे वळू. त्याला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनच्या रेणूत २२ कार्बन अणूंची एक साखळी असते. तीत एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक येतात. प्रत्येक कार्बनचा एक इलेक्ट्रॉन एका जागी न राहता साखळीभर पसरलेला असतो. साखळी हीच आपली पेटी. तिच्यात २१ बंध आहेत आणि एक बंध सरासरी ०.१४ नॅनोमीटरचा, म्हणून लांबी २.९४ नॅनोमीटर. २२ इलेक्ट्रॉन दोन-दोन करून बसवले की ११ पायऱ्या भरतात. प्रकाश शोषून वरचा इलेक्ट्रॉन ११ व्या पायरीवरून १२ व्या पायरीवर जाईल. १४४ वजा १२१ म्हणजे २३. हिशेब पुरा केलात तर अंतर येते जवळजवळ १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एवढ्या ऊर्जेच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे १२४० नॅनोमीटर असते.

येथे पोहोचल्यावर वर्गातली मुले गुणाकार पुन्हा तपासू लागतात. कारण १२४० नॅनोमीटर म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण! प्रत्यक्षात कॅरोटीन ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषते. निळा वजा झाला की उरलेला प्रकाश आपल्याला नारिंगी दिसतो. निळ्या प्रकाशाची ऊर्जा सुमारे २.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आपल्या उत्तरात चक्क पावणेदोन इलेक्ट्रॉन-व्होल्टची तूट आहे.

गुणाकार बरोबरच आहे. चुकले ते गृहीत. पेटीचा तळ सपाट आहे, असे आपण धरले होते. पण दुहेरी बंध आखूड आणि एकेरी बंध लांब असल्यामुळे इलेक्ट्रॉनची वाट एकसारखी नसते, चढउताराची असते. या चढउतारामुळे नेमक्या ११ व्या आणि १२ व्या पायऱ्यांमध्ये जास्तीची फट पडते. हान्स कून यांनी १९४८ च्या सुमारास रंगद्रव्यांसाठी पेटीचा हिशेब मांडला आणि ही फटही त्यात धरली. लांब साखळ्यांसाठी ती साधारण दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट निघते. आपली तूट जवळपास भरून निघाली!

आता पेटी मोठी करू. एक घनसेंटिमीटर तांबे घ्या. प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. म्हणजे ८५ वर २१ शून्ये इतके इलेक्ट्रॉन. पेटी एवढी मोठी की पायऱ्या एकमेकींना चिकटून जणू उतारच होतो. तरी एका पायरीवर दोनच, हा नियम सुटत नाही. त्यामुळे खालून भरत गेलेली रांग ७ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत चढते.

यातून एक जुने कोडे सुटले. धातूतले इलेक्ट्रॉन वायूच्या कणांसारखे मोकळे असतील, तर धातू तापवताना तेही आपला वाटा घेतील आणि धातूची उष्णता धारण करण्याची क्षमता दीडपट भरेल. प्रयोगात तसे मुळीच दिसत नव्हते. मग हे इलेक्ट्रॉन उष्णता का घेत नाहीत? आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी १९२७ साली उत्तर दिले. गच्च भरलेल्या एसटीत मधल्या प्रवाशाला हलता येत नाही. दाराजवळच्यालाच काय ती जागा मिळते. खोलीच्या तापमानाला मिळणारी उष्णता-ऊर्जा सुमारे एकचाळीसांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तेवढ्याने रांगेच्या अगदी माथ्यावरचे थोडेसे इलेक्ट्रॉनच वर सरकू शकतात. त्यांचा वाटा अपेक्षेच्या एक-दोन टक्केच भरतो.

आणि वीज? तांब्यातही अणूंच्या रांगांमुळे वाट चढउताराचीच असते. पण चढउतार नियमित असेल तर इलेक्ट्रॉन-तरंग त्यातून अडथळ्याविना जातो, हे फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ साली दाखवले. फट कोठे पडते, यावर सारे अवलंबून असते, हे ए. एच. विल्सन यांनी १९३१ साली स्पष्ट केले. तांब्यात भरलेल्या रांगेला लागूनच रिकाम्या पायऱ्या आहेत. बॅटरीचा जरासा धक्काही पुरतो. कॅरोटीनमध्ये फट नेमकी रांगेच्या माथ्यावर आहे. तेथे विजेरीचा सेल उपयोगी पडत नाही, निळा प्रकाशच लागतो.

खऱ्या रेणूंत आणि धातूंत इलेक्ट्रॉन एकमेकांनाही ढकलतात. त्यामुळे नेमका हिशेब फार अवघड होतो. वॉल्टर कोन यांनी सहकाऱ्यांसह १९६४ आणि १९६५ साली त्यासाठी सोयीची रीत शोधली. एकेका इलेक्ट्रॉनचा माग ठेवण्याऐवजी कोणत्या जागी त्यांची किती दाटी आहे, एवढेच त्यांनी मध्यवर्ती धरले. त्यांना १९९८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज संगणकावर नव्या पदार्थांचे गुणधर्म याच रीतीने मोठ्या प्रमाणावर काढले जातात.

पण संगणकानेही उत्तर दिले, तरी ते प्रयोगाशी ताडून पाहावेच लागते. जुळले नाही, तर आपल्या १२४० सारखेच विचारायचे : गणित चुकले, की पेटीचा तळ?

आता एक हिशेब तुमच्यासाठी. साखळीत २२ ऐवजी १० च कार्बन असतील, तर सपाट पेटीच्या नियमाने कोणती तरंगलांबी येईल? पायऱ्यांमधले अंतर वाढेल की घटेल, याचा अंदाज आधी लिहून ठेवा आणि मगच पेन्सिल उचला.