ऑल-टेरेन टायरची निवड

ऑल-टेरेन टायर हा डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोहोंवर चालण्यासाठी घडवलेला मोटारीच्या टायरचा प्रकार आहे. त्याचा उल्लेख बहुधा ‘ए/टी’ या आद्याक्षरांनी केला जातो. पक्क्या रस्त्यासाठीचा हायवे-टेरेन (एच/टी) आणि चिखलासाठीचा मड-टेरेन (एम/टी) यांच्या मधले त्याचे स्थान आहे. महिंद्रा थार, फोर्स गुरखा, मारुती सुझुकी जिम्नी यांसारखी वाहने महाराष्ट्रात अनेक जण रोजच्या कामासाठी वापरतात आणि सुट्टीच्या दिवशी त्याच वाहनाने सह्याद्रीतील कच्च्या वाटा धरतात. अशा वाहनाचा बहुतांश प्रवास डांबरावरच होत असल्याने टायर निवडताना चिखलातील पकडीइतकाच ओल्या रस्त्यावरील ब्रेकचा विचार करावा लागतो.

रचना

ऑल-टेरेन टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, म्हणजे ट्रेडवर, रबराचे मोठे ठोकळे व त्यांच्यामध्ये रुंद खाचा असतात. मऊ जमिनीत ठोकळ्यांच्या कडा रुतून चाकाला रेटा मिळतो. खडकाळ वाटेवर त्या दगडाला धरून ठेवतात. ठोकळ्यांवर बारीक चिराही पाडलेल्या असतात. ओल्या व गुळगुळीत पृष्ठभागावरील पकड बऱ्याच अंशी या चिरांवर आणि रबराच्या मिश्रणावर अवलंबून असते. टायरची बाजू (साइडवॉल) दगडाने फाटू नये म्हणून पुष्कळ प्रकारांत ती अधिक जाड ठेवलेली असते. १९७६ साली बी. एफ. गुडरिच या अमेरिकी कंपनीने या वर्गातील रेडियल टायर बाजारात आणला व पुढे हा प्रकार जगभर रूढ झाला.

ओला डांबरी रस्ता

खोल खाचा असलेला टायर पावसात अधिक सुरक्षित असतो, हा समज अर्धाच खरा आहे. रस्त्यावर साचलेले पाणी रुंद खाचांतून लवकर बाजूला जाते, त्यामुळे पाण्यावर तरंगून गाडी भरकटण्याचा धोका काहीसा कमी होतो. परंतु घाटातील वळणावर बहुधा पाणी साचलेले नसते. डांबरावर त्याचा पातळ थर असतो. तेथे रबराचा किती भाग प्रत्यक्ष रस्त्याला टेकतो आणि ते रबर किती मऊ आहे, यावर थांबण्याचे अंतर ठरते. रुंद खाचांमुळे टेकणारे रबर कमी होते, उंच ठोकळे ब्रेक लावताच किंचित वाकतात आणि दगडांवर टिकावे म्हणून मिश्रणही बऱ्याचदा कठीण ठेवलेले असते. त्यामुळे त्याच वाहनावर चांगल्या हायवे-टेरेन टायरपेक्षा ऑल-टेरेन टायरला ओल्या रस्त्यावर थांबण्यास सामान्यतः अधिक अंतर लागते. मड-टेरेनमध्ये हा दोष आणखी वाढतो. शिवाय टायरचा घरघराट वाढतो, जड चाकांमुळे इंधन अधिक लागते व सुकाणू किंचित सुस्त वाटतो.

म्हणून वर्षातून चार-पाच वेळाच कच्च्या वाटेवर जाणाऱ्या वाहनाला सौम्य नक्षीचा, भरपूर चिरा असलेला ऑल-टेरेन टायर पुरेसा ठरतो. आक्रमक दिसणाऱ्या नक्षीचे आकर्षण मोठे असते. तिची किंमत मात्र रोजच्या प्रवासात चुकवावी लागते.

जमिनीचा प्रकार

दख्खनच्या पठारावरील काळी माती भिजली की अतिशय चिकट होते. ती खाचांत भरून बसते आणि काही फेऱ्यांतच टायर गुळगुळीत होतो. मड-टेरेनच्या खाचा त्याहून रुंद असल्याने फिरताना माती काही प्रमाणात फेकली जाते. ऑल-टेरेनला ते साधत नाही. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात, त्या स्थितीला जमीन येईपर्यंत शेतवाटेवर गाडी न घालणे हा टायर बदलण्यापेक्षा सोपा उपाय आहे. मुरमाचे रस्ते, कोकणातील जांभ्याच्या वाटा व नदीपात्रातील गोटे यांवर मात्र ऑल-टेरेन टायर उत्तम काम देतो. शेवाळलेल्या कातळावर कोणत्याच नक्षीवर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

आकार आणि खुणा

थारच्या काही आवृत्त्यांना २४५/७५ आर १६ या मापाचे टायर येतात. यात २४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७५ हे रुंदीच्या तुलनेत बाजूच्या उंचीचे शेकडा प्रमाण, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास होय. या टायरचा एकूण व्यास सुमारे ७७४ मिमी भरतो. त्याऐवजी २६५/७५ आर १६ घातल्यास व्यास सुमारे ८०४ मिमी, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांनी जास्त होतो. ७७४ मिमी व्यासाशी जुळवलेला वेगदर्शक ताशी ८० किमी दाखवत असेल, तर प्रत्यक्ष वेग ८३ किमीच्या आसपास असतो. मोठे चाक वळताना चिखलरोधकाला घासू शकते आणि ब्रेकवरील ताणही वाढतो. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे निर्बंध आहेत. मूळ माप कायम ठेवून फक्त नक्षी बदलणे हाच रोजच्या वाहनासाठी शहाणपणाचा मार्ग होय.

मापापुढील अंक भारक्षमता सांगतो (१११ म्हणजे प्रति टायर १,०९० किलो) व अक्षर वेगमर्यादा सांगते (‘एस’ म्हणजे ताशी १८० किमी). यांतील कोणतेही मूल्य वाहननिर्मात्याने सांगितलेल्यापेक्षा कमी नसावे. ‘एलटी’ अशी खूण असलेले टायर हलक्या मालवाहू गाड्यांसाठी बनवलेले असतात. ते भक्कम पण जड असतात आणि तेवढ्याच भाराला त्यांत अधिक हवा लागते, म्हणून हलक्या जिम्नीला ते घातल्यास गाडी विनाकारण धक्के देते. बाजूवरील चार आकडी संख्येतून टायरचे वय कळते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानात बराच काळ पडून राहिलेला टायर नवा दिसला तरी त्याचे रबर कठीण होऊ लागलेले असते.

हवेचा दाब

टायर तोच ठेवूनही पकड वाढवण्याचा उपाय म्हणजे हवा कमी करणे. वाळूत किंवा गोट्यांवर दाब रोजच्या ३० पीएसआयच्या आसपासवरून १८ ते २० पर्यंत उतरवल्यास टायर पसरतो व त्याचा जमिनीवरील ठसा लांब होतो. डांबरावर परतताच हवा पुन्हा भरणे आवश्यक असते, कारण कमी दाबात वेगाने चालवल्यास टायरची बाजू तापून तो फुटू शकतो. त्यामुळे वाहनात विजेवर चालणारा छोटा पंप व दाबमापक बाळगतात.

चारही चाकांना शक्ती मिळत असताना चाकांचे व्यास वेगवेगळे असल्यास गिअरयंत्रणेवर ताण येतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे ठेवतात. स्टेपनीही त्याच मापाची घेतात आणि साधारण दर ८ ते १० हजार किमीनंतर पाचही चाकांची अदलाबदल करतात.