दुधाचा पेला आणि कोठाराची किल्ली

दुधाच्या पेल्याची कधी भीती वाटते का हो? आल्फ्रेड हिचकॉकच्या १९४१ सालच्या ‘सस्पिशन’मध्ये वाटते. नवरा आपला जीव घेणार, ही शंका नायिकेच्या मनात घर करून बसलेली. अंधाऱ्या जिन्यावरून तो तिच्यासाठी दूध घेऊन वर येतो आणि आपली नजर त्या पेल्यावरून हलतच नाही. कशी हलेल? हिचकॉकनं पेल्याच्या आत चक्क छोटासा दिवा ठेवला होता! सगळीकडे काळोख, दूध तेवढं उजळलेलं. याच भूमिकेसाठी जोन फॉन्टेनला ऑस्कर मिळालं.

थ्रिलर म्हटलं की आपल्याला किंकाळ्या आणि मागून येणारा हात आठवतो. पण तो नुसता दचका. हिचकॉकनं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या लांबलचक मुलाखतीत हा फरक छान समजावलाय. दोघंजण टेबलाशी गप्पा मारताहेत, खाली बॉम्ब आहे. तो एकदम फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद हादरतो. पण बॉम्ब आधी दाखवला, भिंतीवरचं घड्याळही दाखवलं, तर त्याच रटाळ गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. थोडक्यात काय, पात्राला कळू द्यायचं नाही, पण आपल्याला सांगून टाकायचं.

‘नटोरियस’ (१९४६) बघाच. इन्ग्रिड बर्गमन हेरगिरीसाठी संशयिताशी लग्न करून त्याच्या घरात राहतेय. घरी पार्टी आहे. कॅमेरा दिवाणखान्याच्या उंच छतापासून निघतो आणि गर्दीतून खाली खाली येत तिच्या मुठीपाशी थांबतो. मुठीत दारूच्या कोठाराची किल्ली, नवऱ्याच्या जुडग्यातून काढलेली! तिचा साथीदार कोठारात शोध घेतोय आणि इकडे पाहुण्यांसाठीच्या शॅम्पेनच्या बाटल्या संपत चालल्यात. त्या संपल्या की नवरा खाली जाणारच. पंगत बसल्यावर वाढपातलं काही संपत आलं की यजमानणीच्या पोटात कसा गोळा येतो, ते आपल्याला वेगळं सांगायला नको! पुढे तिला कॉफीतून विष दिलं जातं, त्यात सासूबाईंचाही हात. तिथे कॉफीचा कप कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात, मोठ्ठा दिसतो. एकही आरडाओरडा नाही.

आपल्याकडे निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये ‘दृश्यम’ हिंदीत आणला. (मूळ मल्याळम चित्रपट २०१३चा, जीतू जोसेफ यांचा.) गोव्यातलं साधंसुधं कुटुंब. थोरल्या मुलीचं मोबाइलवर चोरून केलेलं चित्रण, त्यातून धमकी, आणि मग घरातच झालेला खून. मुलगी असलेल्या कुठल्याही आईच्या काळजाला हात घालणारी गोष्ट. रहस्य पोलिसांपासून लपलेलं, आपल्याला मात्र बरंचसं ठाऊक. म्हणून धाकट्या अनूला साधा प्रश्न विचारला तरी आपण श्वास रोखतो. एवढीशी पोर, घडवलेली गोष्ट किती वेळ सांभाळणार? समोर तब्बूनं साकारलेली पोलीस अधिकारी. तीही आईच, मुलाच्या शोधात वेडीपिशी झालेली. खरं सांगायचं तर कुणाची बाजू घ्यावी हेच कळेनासं होतं. मला तरी चित्रपटातली खरी बेचैनी तिथेच वाटते.

आणि आवाज? ‘सायको’मधल्या (१९६०) न्हाणीघराच्या प्रसंगाला संगीतच नको, असं हिचकॉकचं मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही व्हायोलिनचे ते चिरत जाणारे सूर रचले, आणि ते ऐकल्यावर हिचकॉकनं आपला विचार बदलला. एखाद्या दुपारी घरातली कामं आवरली की तो प्रसंग आधी रिमोटनं आवाज बंद करून बघा, मग आवाजासकट. दुसऱ्या खेपेला दाराची कडी लावलेली बरी!