काहिलीपाशी काढलेली छायाचित्रे

आनंद यादव ज्या कागलात 1935 मध्ये जन्मले आणि शेतातील राबणुकीतून शाळेपर्यंत पोहोचण्याची ज्यांची झटापट ‘झोंबी’मुळे 1987 मध्ये साऱ्या महाराष्ट्राला कळली, त्याच कागलच्या घाटगे जहागीरदारांच्या घराण्यातून करवीरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू छत्रपतींनी 1917 मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढून, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला होता. त्याच सुमारास कोल्हापुरात बाबुराव पेंटर स्वतःच्या हातांनी चित्रपटाचा कॅमेरा घडविण्याच्या खटाटोपात होते. त्यांची ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पडद्यावर आली. शाळा आणि कॅमेरा अशा दोन्ही गोष्टी या मुलखात एकाच काळी रुजल्या खऱ्या, परंतु गावच्या साध्या वर्गात कॅमेरा शिरण्यास पुढे जवळजवळ शतक लोटले, आणि शिरला तोही शिक्षकाच्या खिशातील मोबाइलच्या रूपाने, बहुतांशी दप्तरी कामापुरता.

वृक्षारोपण झाले, फोटो पाठवा. प्रभातफेरी निघाली, फोटो पाठवा. असा तगादा आज प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा आहे. 2016 च्या अखेरीस तर ठरावीक सोमवारी विद्यार्थ्यांच्या गटासह सेल्फी काढून ती शाळांच्या माहितीसाठीच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीत भरण्याचा शासकीय आदेश निघाला होता. शिक्षकांच्या विरोधामुळे तो मागे पडला, हे बरेच झाले. अशा छायाचित्रांत फलक मधोमध असतो, मुले उंचीप्रमाणे उभी असतात आणि जे काम दाखवावयाचे तेच क्षणभर थांबविलेले असते.

याउलट समजा, सातवीचा एक गट शिवारातल्या गुऱ्हाळावर गेला आणि बाईंनी आपला मोबाइल आळीपाळीने मुलांच्याच हाती दिला. चुलवाणात चिपाडे सारणारा गडी, रटरटणारी काहील, रानभेंडीचा चिकट रस, झाऱ्यावर आलेला काळपट फेस, वाफ्यात ओतलेला पाक आणि शेवटी ढेप, अशी सहा छायाचित्रे दुसऱ्या दिवशी वर्गात मांडली. एका मुलीने वहीत आधीच लिहून ठेवले होते, ‘रस उकळला व गूळ झाला.’ चित्रे क्रमाने लावताना झाऱ्याच्या चित्रापाशी तिचा हात थबकतो. “बाई, ह्यो नुसता फेस न्हवं, मळी हाय.” “मग भेंडी कशाला घातली असंल?” बाई विचारतात. मुलगी दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवते, पुन्हा पाहते आणि म्हणते, “मळी धरून वर आणाया.” वहीतल्या त्या एका वाक्यात काय राहून गेले होते, हे तिचे तिलाच उमगले, लाल शाईचा शेरा मारण्याचे कारणच उरले नाही.

वहीत असे काही राहून जाते याचे कारण असे की, स्मरणशक्ती निष्पत्ती तेवढी जपते आणि मधल्या चुका, शंका, अडखळणे बिनबोभाट गाळून टाकते. शिकागो विद्यापीठात बेंजामिन ब्लूम यांनी 1953 च्या सुमारास तासाचे ध्वनिमुद्रण विद्यार्थ्यांना पुन्हा ऐकवून, त्या त्या क्षणी मनात काय चालले होते हे विचारले, तेव्हा हरवलेले विचार बरेचसे परत हाती लागले. छायाचित्रही तीच कामगिरी बजावते, आणि स्वस्तात. पुढे चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलिन वांग व मेरी अॅन बुरिस यांनी खेड्यातील स्त्रियांच्याच हाती कॅमेरे देऊन त्यांना स्वतःच्या जगण्याविषयी बोलते केले.

माझ्या मते मात्र खरी मेख प्रश्नात आहे. ‘चित्रात काय दिसते?’ असे विचारले की मूल वस्तूंची यादी म्हणते. ‘त्या वेळी तुला काय वाटले होते, आणि आता काय वाटते?’ असे विचारले की ते विचारात पडते. चुकलेल्या वजाबाकीचे, कोलमडलेल्या प्रतिकृतीचे छायाचित्रही म्हणूनच जपून ठेवावे. चेहरा टिपण्याची गरज क्वचितच पडते, हात आणि काम पुरते. तरीही मुलांची व पालकांची संमती घ्यावी, आणि ही चित्रे वर्गाबाहेर मिरवू नयेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनाला जागा दिली आहेच; ती जागा टिकमार्कांनी भरावयाची की मुलाच्या दोन वाक्यांनी, हे शिक्षकाच्या हाती आहे.

दिवाळीच्या आगेमागे गुऱ्हाळे पेटतील. शिक्षक वाचकांनी या हंगामात मुलांना तिकडे अवश्य न्यावे, आणि छायाचित्रे कचेरीत रवाना करण्यापूर्वी एकदा वर्गासमोर मांडावीत.