सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला नाही

नायगाव-वसईच्या पट्ट्यातल्या कबड्डीच्या मैदानांवर गुडघ्याची दुखापत नवी नाही. चढाईपटूचा पाय रोवलेला, घोट्याला पकड बसलेली आणि वरचं अंग वळलेलं. अशा क्षणी मांडीचं हाड आणि नडगी एकत्र धरून ठेवणारं एसीएल नावाचं लिगामेंट फाटतं. काही तासांत गुडघा टम्म फुगतो. पण मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या महिन्याची. सूज ओसरते, पोरगं नीट चालू लागतं आणि मंडळाचा सामना आला की पुन्हा मैदानात उतरतं.

तेव्हा त्याची मांडी तयार नसते. गुडघ्यात पाणी भरलं की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण ताकदीनं आवळू देत नाही. इच्छाशक्तीचा इथे उपयोग नाही. काही आठवड्यांतच मांडी बारीक दिसू लागते. शस्त्रक्रिया लिगामेंट नवं बसवते, स्नायू मात्र व्यायामानेच परत येतो.

सुरुवात अगदी साधी असते: गुडघा पूर्ण सरळ करणं, पडल्या पडल्या मांडी आवळणं. खेळाडू याचाच कंटाळा करतात, आणि गुडघा शेवटचे काही अंश सरळ झाला नाही तर लंगडणं मागे राहतं. मग अर्ध्या बैठका, एका पायाने पायरी चढणं-उतरणं. जूचंद्रच्या चंडिकादेवीच्या पायऱ्या उतरताना मांडी भरून येते, कारण शरीराचा भार तोलत स्नायूला लांबावं लागतं. हीच ताकद उडीनंतर जमिनीवर येताना गुडघा आत वळू देत नाही. दिशा बदलत धावणं त्यानंतर, आणि पकडीचा सराव सगळ्यात शेवटी.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागतेच असंही नाही. स्वीडनमधला २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. आधी व्यायाम, गरज पडली तरच शस्त्रक्रिया, अशा गटातल्या ५९ तरुणांपैकी ३६ जणांना दोन वर्षांत लिगामेंटची शस्त्रक्रिया लागली नाही. पकडीचा खेळ खेळणाऱ्यांनी मात्र हा निर्णय अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.

सांगलीच्या स्मृती मानधनाचं एसीएल जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात दुखावलं, आणि २४ जूनला विश्वचषकात तिने इंग्लंडविरुद्ध ९० धावा केल्या. तिच्यामागे राष्ट्रीय संघाची वैद्यकीय यंत्रणा होती. गावच्या खेळाडूने तिची जिद्द घ्यावी, घाई घेऊ नये. नॉर्वे-अमेरिकेतल्या २०१६ च्या संशोधनात, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला सुमारे निम्म्याने घटलेला दिसला.

मंडळांच्या प्रशिक्षकांना म्हणून कळकळीची विनंती. मोजपट्टी घ्या, दोन्ही पायांवरची एकेरी उडी मोजा. दुखावलेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांना पोहोचली नसेल, तर अंतिम सामना असला तरी त्या पोराला उतरवू नका. पोहोचली असेल, तरी फिजिओथेरपिस्टचा होकार मिळाल्यावरच उतरवा.