चोळलं अंगाला, गेलं पोटात

भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या घरात कुत्र्याचे केस झडायला लागले, की पहिला आळ घरातल्या बाईवर येतो. ‘तूप घातलंस ना त्याला?’ तिनं घातलेलं नसतं. तूप एवढं स्वस्तही नसतं. पण कुत्र्याला तूप पचत नाही हे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे चौकशी तिथंच संपते.

वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. स्निग्धांश कमी पडला तर कुत्र्याची कातडी कोरडी होते, कोंडा सुटतो, केस निस्तेज होतात. लिनोलेइक आम्ल त्याच्या शरीरात तयार होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. वाटीभर तूप चापलं तर जुलाब होतील, स्वादुपिंडाला सूजही येऊ शकेल. चमचाभर तुपानं केस मात्र जात नाहीत. गोडानं लूत लागते, मिठानं केस गळतात, ही त्याच तुपाची भावंडं. कमतरता असते ती बहुतेकदा प्रथिनांची. कुत्र्याला रोज लागणाऱ्या प्रथिनांपैकी 25 ते 30 टक्के कातडी आणि केसांवरच खर्च होतात. राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात किंवा तोरण्याखाली वेल्ह्यात शनिवार-रविवारी ट्रेकर मंडळींच्या मागं मागं गड चढणारी कुत्री पाहावीत. त्यांच्या पोटात दिवसभर जातात ती बिस्किटं, म्हणजे मैदा आणि साखर. पुड्याच्या जागी एक उकडलेलं अंडं दिलं तर ते कुठल्याही मलमाआधी कामी येईल.

यापेक्षा मोठा घोटाळा ‘लूत’ या शब्दात आहे. खाज सुटली, चट्टे पडले, कातडी हत्तीसारखी जाड झाली, की लूत. या एका नावाखाली निदान दोन निरनिराळे किडे आणि एक बुरशी नांदते. सार्कोप्टिस हा नुसत्या डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बोगदे करून अंडी घालतो. खाज अशी, की कुत्रं रात्रभर झोपत नाही. आणि तो एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर भराभर जातो. माणसालाही तो काही दिवस खाजवायला लावतो, पण माणसाच्या अंगावर त्याचा संसार टिकत नाही. दुसरा डेमोडेक्स. तो केसांच्या मुळाशी राहतो, जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडून पिल्लाला मिळतो आणि बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर गुपचूप असतोच. प्रतिकारशक्ती ढासळली की त्याची संख्या वाढते, तोंडाभोवती नि पायांवर चट्टे पडतात, पण सुरुवातीला खाज फारशी नसते. हा माणसाला होत नाही. गजकर्णाची बुरशी मात्र माणसाला लागते, पोरांना तर पटकन.

घरी करून पाहण्यासारखी एक खूण आहे. कुत्र्याच्या कानाची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून हलकेच चोळायची. त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला, तर सार्कोप्टिसचा संशय बळावतो. दुसरी खूण पिसवांची: शेपटीच्या बुडाजवळून बारीक फणी फिरवायची आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर झटकायचे. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नव्हे, पिसवांनी प्यायलेल्या रक्ताची विष्ठा. अशा वेळी नुसतं कुत्रं धुऊन भागत नाही. पिसवांची अंडी, अळ्या आणि कोश असतात ते त्याच्या गोणपाटात, चुलीपुढच्या राखेत, ओसरीच्या भेगांत.

आता जळकं ऑइल. मोटारसायकलचं किंवा ट्रॅक्टरचं ऑइल बदललं की काळा डबा कोपऱ्यात ठेवलेला असतोच. फडकं बुडवायचं आणि लुतीच्या कुत्र्याला चोपडायचं. ‘आमच्याला गुण आला’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. पिल्लांना थोड्याच जागी झालेला डेमोडेक्स बहुतेक वेळा महिन्या-दोन महिन्यांत आपोआप बरा होतो. त्या काळात ऑइल लावा, हळद लावा नाहीतर अंगारा लावा, श्रेय त्यालाच मिळतं. तेलकट थरानं वरवरचे थोडे किडे गुदमरतही असतील. पण वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनातल्या धातूंचे अंश आणि जळालेली रसायनं असतात. कातडी पोळते, आणि कुत्रं ते चाटून काढतं.

बहुतेक गावठी इलाज या चाटण्यापाशी फसतात. माणूस मलम लावून शर्ट घालतो. कुत्रं मलम लावल्या क्षणी मान वळवतं. त्यामुळे त्याच्या अंगाला लावलेलं थोडंफार तरी पोटात जाणार, असं धरूनच डबा उघडायला हवा. रॉकेल, फिनेल, तंबाखूचं पाणी, खोबरेलात खललेला कापूर ही सगळी त्याच वाटेनं आत जातात आणि सगळीच विषारी. खाजेवरचं साधं कॅलामाइन लोशनही बाद, कारण त्यात झिंक असतं.

गोठ्यात गोचिडांच्या औषधाची बाटली असते, तिचीही हीच कथा. अमिट्राझ किंवा डेल्टामेथ्रिन गुरांसाठी पाण्यात मिसळून वापरायचं असतं; अंदाजानं, घट्टसर, कुत्र्याच्या फुटलेल्या कातडीवर ओतलं तर कुत्रं सुस्त पडतं, थरथरतं. घरात मांजर असेल तर डेल्टामेथ्रिन तिच्या जिवावर बेतू शकतं. आयव्हरमेक्टिनचं गुरांचं इंजेक्शन 50 किलोला 1 मिलि या हिशेबाचं असतं. 15 किलोच्या गावठी कुत्र्याला ते कोणी डोळ्यांच्या अंदाजानं टोचावं का? धरणाकाठच्या फार्महाऊसवर आता कॉलीसारखी परदेशी कुत्रीही असतात. या जातीत अनेकांच्या जनुकात असा दोष असतो, की हे औषध थेट मेंदूत शिरतं. तो दोष 2001 मध्ये उजेडात आला.

सगळेच घरगुती उपाय टाकाऊ नाहीत. गंधकाच्या इलाजात तथ्य आहे. गंधक आणि चुन्याचं प्रमाणशीर द्रावण पशुवैद्यकही वापरत आले आहेत. फरक प्रमाणाचा. बाजारातली पूड मूठभर तेलात कालवली तर कातडी भाजते. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं अंग धुवायला हरकत नाही. पण ते केसांच्या मुळाशी बसलेल्या डेमोडेक्सपर्यंत पोचत नाही. नुसत्या कोरडेपणाला किराणा दुकानातले साधे ओट्स बारीक दळून कोमट पाण्यात कालवावेत, 10 मिनिटं अंगावर ठेवून धुवावेत. आराम पडतो, रोग जात नाही. खोबरेल अगदी पातळ थर, तोही कोरड्या दिवसांत. वेल्ह्याच्या पावसात तेलानं चिकटलेले केस वाळतच नाहीत, खाली बुरशी माजते आणि कुबट वास सुटतो. दही-ताकाचं तर नावच नको. जखमेवर माश्या बसतात आणि दोन दिवसांत अळ्या पडतात.

कपड्याच्या साबणानं रोज घातलेली आंघोळ हाही उपाय नव्हे, तो कोरडेपणाचं कारण आहे. कुत्र्याची वरची कातडी माणसाच्यापेक्षा बरीच पातळ असते.

आणि लुतीचं कुत्रं पिसाळतं, म्हणून त्याला दगड मारून गावाबाहेर हाकलतात, त्याला काहीच आधार नाही. रेबीज हा विषाणूमुळे होणारा रोग आहे, तो मुख्यतः चाव्यातून पसरतो. केस झडण्याशी त्याचा संबंध नाही.

सारोळ्याजवळ नीरेचा पूल ओलांडला की शिरवळ. तिथं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. लुतीचं निदान तसं साधं असतं: बोथट पात्यानं कातडी रक्त डोकावेपर्यंत खरवडायची, खरवड तेलाच्या थेंबात काचपट्टीवर घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. किडा गोलसर दिसला तर सार्कोप्टिस, विडीसारखा लांबुळका दिसला तर डेमोडेक्स. सार्कोप्टिस कधी कधी खरवडीत सापडतच नाही. मग डॉक्टरही कानाची कड चिमटीत धरतात आणि मागच्या पायाकडे बघतात.