हिरड्याची ओळख व जोपासना

आपल्या घरोघरच्या औषधांच्या डब्यांत हिरड्यास मानाचें स्थान आहे. बेहडा व आंवळकाठी यांच्या जोडीनें त्याचें त्रिफळाचूर्ण होतें, आणि आयुर्वेदाच्या परंपरेनें तर त्यास प्रत्यक्ष आईची उपमा दिली आहे. परंतु ज्या झाडाचें हें फळ, तें समोर उभें असतां ओळखणारीं माणसें आपल्या कुटुंबांत कितीशीं निघतील? पुणें जिल्ह्यांतील जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांच्या पश्चिम भागांत, घाटघर, आहुपें, भीमाशंकर या बाजूस, सह्याद्रीच्या माथ्यावर हिरड्याचीं झाडें विपुल आहेत. भीमाशंकराच्या दर्शनास किंवा नाणेघाट पाहावयास जाणाऱ्या मंडळींनीं त्यांची ओळख अवश्य करून घ्यावी.

हिरड्याची मुख्य खूण पानाच्या देठावर सांपडते. देठ जेथें पानास मिळतो, तेथें दोन बारीक गांठी दिसतात. ऐनाच्या पानासही अशा गांठी असतात. परंतु त्या देठावर नसून पानाच्या मागील बाजूस, मधल्या शिरेजवळ असतात. शिवाय ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. बेहड्याचीं पानें फांद्यांच्या टोकांशीं झुपक्यांनीं येतात, व त्याचें फळ गोलसर, करडें व मखमली असतें. हिरड्याचें फळ लांबट असून वाळल्यावर त्यावर पांच कंगोरे स्पष्ट उठतात.

एकाच झाडाचें फळ वयाप्रमाणें दोन नांवांनीं विकलें जातें. आंत बी धरण्यापूर्वीं काढून वाळविलेलें काळें फळ तें बाळहिरडा, आणि झाडावर पूर्ण पिकलेलें तें सुरवारी हिरडा. कातडीं कमावण्यास व हिराकस घालून काळी शाई करण्यासही हिरडा पूर्वापार उपयोगी पडत आला आहे. चैत्र-वैशाखांत येथील महादेव कोळी कुटुंबें उंच झाडांवर जिवाच्या करारानें चढून कोवळीं फळें काढतात व खडकांवर, अंगणांत वाळवितात. भाताच्या पेरणीच्या तोंडावर हातीं येणारा पैसा बहुधा याच फळाचा असतो. वळिवाचा पाऊस मध्येंच आला तर मालास बुरशी लागते व भाव पडतो.

परंतु येथेंच एक अडचण आहे. बाळहिरड्यांत बी नसतें. म्हणून सर्वच फळें कोवळीं काढलीं, तर नवें झाड उगवणार कोठून? त्यांत ३ जून २०२० रोजीं आलेल्या निसर्ग चक्रीवादळानें या दोन्ही तालुक्यांत हिरड्याचीं असंख्य झाडें मोडून पडलीं. भाताचें पीक गेलें तर तें पुढील वर्षीं पुन्हां घेतां येतें; जुना हिरडा पडला, तर त्याची जागा भरून निघण्यास एक पिढी लोटते.

यास्तव जोपासनेचा पहिला नियम हा, कीं प्रत्येक वाडीनें कांहीं चांगलीं झाडें बियांसाठीं राखावींत व त्यांचीं फळें हिवाळ्यांत पिकूं द्यावींत. पिकलेल्या फळाचा गर काढून आंतील आंठोळी धुवून वाळवावी. तिचें कवच फार कठीण असतें. म्हणून आंतील गरास न दुखवितां तिचें बोथट टोक किंचित् छाटावें, ती पाण्यांत भिजत ठेवावी व मग पिशवींतील मातींत लावावी. तरीही सर्वच बिया रुजत नाहींत, म्हणून त्या मोकळ्या हातानें लावाव्यात. कोवळ्या रोपास प्रखर ऊन सोसत नाहीं. मोठ्या झाडास मात्र भरपूर उजेड लागतो. पाणी सांचणारी जागा टाळावी, रोपाभोंवतीं कांट्यांचें कुंपण करावें व पहिलीं कांहीं वर्षें गवत काढीत जावें. मोठ्या झाडांच्या फांद्या राबासाठीं तोडूं नयेत, आणि फळें काढतांना डहाळ्या मोडूं नयेत. कारण पुढील बहर त्याच डहाळ्यांवर यावयाचा असतो.

ज्यांची वडिलार्जित जमीन या डोंगराळ भागांत आहे, त्यांनीं बांधावर दोन हिरडे लावले, तरी तें नातवंडांच्या उपयोगी पडेल. ज्यांची जमीन नाहीं, त्यांनीं हिरडा विकत घेतांना तो कोठून आला व काढणाऱ्याच्या पदरांत किती पडलें, एवढें तरी विचारावें. झाड राखणाऱ्यास मोबदला मिळेल, तरच झाड राहील.