सुरीपासून पट्टीपर्यंत: हत्तीपायाच्या उपचारांचा मागोवा

कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात काम केलेले सर्जन हॅवलॉक चार्ल्स यांनी 1912 साली एका वैद्यकीय ग्रंथात हत्तीरोगाच्या शस्त्रक्रियेवर लिहिलं. त्यांचा बहुतेक अनुभव अंडकोषाच्या हत्तीरोगाचा होता, तरी पायाच्या ऑपरेशनला पुढे त्यांचंच नाव चिकटलं. जाड झालेली कातडी आणि तिच्याखालचा सुजट भाग स्नायूंच्या आवरणापर्यंत काढायचा, वर त्वचारोपण करायचं, अशी ती पद्धत. पाय बारीक होई, पण रोपलेली कातडी नाजूक. जराशा खरचटण्याने ती फाटे आणि पाऊल पुन्हा सुजे. हत्तीरोगाच्या, म्हणजे फायलेरियाच्या, जंतांनी निकामी केलेल्या लसीकावाहिन्या (शरीरातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) तशाच राहत, मग पाणी साचणारच.

म्हणून पुढच्या पिढीने या पाण्याला वाट काढून देण्याचा ध्यास घेतला. मेलबर्नचे सर्जन ओब्रायन 1970 च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली लसीकावाहिन्या शिरांना जोडत होते. आपल्याकडे तंजावरला एस. जमाल यांनी फायलेरियाच्या रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया केल्या. सूज नवी असताना या जोडणीचा उपयोग अधिक होतो. जुन्या, दगडासारख्या झालेल्या पायाचा वाढलेला भाग मात्र आजही बहुधा कापूनच कमी करावा लागतो.

ऑपरेशन कुठलंही असो, आधी आणि नंतर पट्टी लागतेच. ती बांधणं हे हातचं कसब आहे. पाय साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या आणि कातडीच्या घड्या हलकेच टिपून कोरड्या करायच्या. तिथल्या बारीक चिरेतूनच जंतू शिरतात, थंडीताप येतो आणि दर तापागणिक सूज वाढते. मग एकेका बोटाला अरुंद पट्टीचे वेढे, घोट्याभोवती कापूस, त्यावर कमी ताणली जाणारी पट्टी. घोट्याशी घट्ट, वर जाताना सैल. चालताना पोटरी या पट्टीवर दाबते आणि पाणी वर सरकतं. केरळात कासरगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजीने पाय धुणं, आयुर्वेद, योग आणि पट्टी यांची सांगड घातली.

नागपूर जिल्ह्यात 2019 साली हत्तीरोगावरची तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम सुरू झाली. त्या गोळ्या रोगाचा फैलाव रोखतात. आधीच सुजलेल्या पायाला मात्र रोजची निगाच हवी. एवढ्या वर्षांचा अनुभव हेच सांगतो, की सुरी पाय लहान करते, पण लहान ठेवते ती पट्टी. घरात कुणाचा पाय सुजत असेल तर तो लुगड्याआड, धोतराआड लपवू देऊ नका. आजच आरोग्य केंद्रात न्या. ऑपरेशन झालं असेल, तरी पट्टी सोडू देऊ नका.